संध्याकाळच्या आत

प्रशिक साळवेला संध्याकाळनंतर दिसत नाही. मला हे कळायला कॉलेजपासूनची सगळी वर्षं लागली. वाचणाऱ्याला तेवढी लागू नयेत म्हणून आधीच सांगून टाकतो.

दिवसा त्याला दिसतं, पण नळीतून पाहावं तसं. समोरचं स्वच्छ, कडेचं काही नाही. ती नळी वर्षागणिक अरुंद होते आहे. कधीतरी ती बंद होईल. यावर औषध नाही, असं त्याला दोन डॉक्टरांनी सांगितलं. दोघांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हा आजार आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला काही होत नाही. ती फक्त देते.

म्हणून त्याने आईला काही सांगितलं नाही. त्याची आई म्हणजे आमच्या शालिनीमावशी. त्यांना हे कधी कळू नये, एवढंच त्याने ठरवलं होतं. बाकी सगळं त्यातून आलं. ती गाडीसुद्धा.

इंदूरजवळच्या राऊला त्यांचं घर आहे. प्रशिकचे वडील तो कॉलेजात असताना गेले. मावशी महूच्या शाळेत प्राथमिकच्या बाई होत्या, आता निवृत्त आहेत. प्रशिक पीथमपूरच्या एका कारखान्यात परचेसमध्ये आहे. कधीही फोन करा, तो म्हणणार, जनरल शिफ्ट, साडेपाचला सुटतो, बसने घरी. त्याने प्रमोशन एकदा नाकारलं, कारण त्यात रात्रपाळी होती. आम्ही त्याला आईचा पदर म्हणायचो. तो हसायचा.

इंदूरचा माणूस आणि सराफ्याला येत नाही, असं कुठे असतं का? रात्री दुकानं बंद झाली की सराफ्यात खाण्याच्या गाड्या लागतात, गाव लोटतं. आमच्या कॉलेजच्या टोळीत तो एकटा तिथे कधी आला नाही.

"भिया, तू इंदूरचा नाहीसच. देवासवरून उचलून आणलाय तुला," मी म्हणायचो.

"ॲसिडिटी आहे यार. तू खा ना, माझ्या नावाची एक गराडू प्लेट जास्त खा."

सिनेमाला आला तर दिवे जायच्या आत खुर्चीवर बसलेला असायचा आणि दिवे लागल्याशिवाय उठायचा नाही. शेवटची नावं वाचतो म्हणायचा. मी साहित्याचा विद्यार्थी. मला ते फार आवडायचं. वाटायचं, किती रसिक आहे.

त्याच्या घरी झिरोचे बल्ब जागोजागी होते. जिन्यात, बाथरूमबाहेर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, अंगणातल्या नळावर. संध्याकाळ व्हायच्या आधीच मावशी ते लावत फिरायच्या.

"मावशी, रोज दिवाळी का?" मी विचारायचो.

"मला भीती वाटते रे अंधाराची," त्या म्हणायच्या.

प्रशिक मान खाली घालून चहा प्यायचा.

गाडी त्याने दोन वर्षांपूर्वी घेतली. इलेक्ट्रिक, पांढरी, लहान बॅटरीची. कंपनी सांगते त्याच्या दोनतृतीयांश चालायची. मोठ्या बॅटरीची मिळत होती, ती त्याने घेतली नाही. आम्हाला वाटलं, पैसे. माझी आई म्हणाली, "खजरान्याच्या गणपतीला नेऊन नारळ फोड रे बाबा, नवी गाडी आहे."

"काकू, आमची गाडी महूला बाबासाहेबांच्या जन्मभूमीवर जाऊन आली. फुल चार्ज होऊन आली," तो म्हणाला. आई हसली आणि तरीही तिने एक लिंबू आणि मिरच्या त्याच्या हातात ठेवल्या. त्याने ते घरी नेऊन भाजीत घातलं, असं मावशींनी नंतर सांगितलं.

ऑफिसला तो बसनेच जायचा. गाडी फक्त रविवारी निघायची, दिवसा. मांडू, महेश्वर, जानापाव. पाच वाजता परत. "चार्ज कमी आहे" म्हटलं की कोणी पुढे विचारत नसे. उलट लोक कीव करायचे. बिचारा, फसला इलेक्ट्रिकमध्ये.

त्याने गाडी चालवायलाच नको होती. हे त्यालाही माहीत होतं. मी आज लिहिताना ते झाकत नाही. पण त्याला एक मोठा प्रवास करायचा होता. एकच. आईला तिच्या वडिलांचं गाव दाखवायचं होतं. मंडणगडच्या बाजूला, कोकणात, समुद्राजवळ. मावशींनी ते कधी पाहिलं नव्हतं. समुद्रही पाहिला नव्हता. त्यानेही.

फेब्रुवारीत एका सकाळी राऊच्या नाक्यावर पोहे खाताना त्याने मला सगळा बेत सांगितला.

"तीन दिवस?" मी म्हणालो. "कोकण आहे का लंडन?"

"रोज पाचला हॉल्ट. चार्जिंग."

"अरे पण फास्ट चार्जरवर तासाभरात भरते. तूच सांगत फिरतोस."

"क्या है ना, बॅटरीला रात्रभर आराम दिला की तिची लाइफ वाढते."

"बैलांना देतात तसा?"

"हां, तसाच. चारापाणी."

"भिया, बैलगाडीवालेसुद्धा चार घटका रात्री हाकायचे."

"तू येतोयस का नाही?"

मी म्हणालो, येतो. घरी गेल्यावर त्याने मावशींना तीन दिवसांचं सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या. "बरं आहे," त्या म्हणाल्या. "मला कुठे घाई आहे? उजेडात पोचलेलं चांगलं."

निघालो त्या दिवशी सूर्य पुरता वर आल्यावरच गाडी फाटकाबाहेर पडली. मी पुढे, मावशी मागे, त्यांच्या मांडीवर मेथीच्या पराठ्यांचा डबा आणि पायाशी इंदुरी सेवची मोठी पिशवी. "कोकणात सेव कुठे मिळणार?" त्या म्हणाल्या. माळव्यातला कोणीही गावाला निघाला की हेच म्हणतो. खलघाटला नर्मदा आली. मी सवयीने हात जोडले. प्रशिक म्हणाला, "पुलावर फोटो नको काढू, माझं लक्ष जातं." त्याचं लक्ष एवढ्या तेवढ्याने का जातं, ते मी विचारलं नाही.

सेंधव्याला पहिलं चार्जिंग. ढाब्याच्या बाजूला यंत्र होतं. गाडीला वायर लावली आणि आम्ही बाजेवर बसलो. ढाबेवाल्याने चहा ठेवला आणि गाडीकडे बघत विचारलं, "कितने घंटे पिलाते हो इसको?"

"हमसे कम पीती है," प्रशिक म्हणाला.

मावशी हसल्या. मग एकदम म्हणाल्या, "मानस, तुला आबांची गोष्ट सांगितली का मी?"

आबा म्हणजे त्यांचे वडील, दगडू तांबे. एवढंच मला माहीत होतं की ते फौजेत होते आणि महूतच राहिले.

"पासष्टची लढाई व्हायची होती," मावशी म्हणाल्या. "आबा जवान होते. रात्रीचा पहारा लागला. समोरून साहेब चालत आले तरी आबांनी टोकलं नाही. साहेब अगदी नाकाशी. ओरडा खाल्ला. मग दुसऱ्या वेळी चालता चालता खंदकात पडले. डॉक्टरने तपासलं. रातांधळे आहेत म्हणून लिहिलं आणि घरी पाठवलं. कागदावर बरोबरच होतं सगळं. पण महूच्या लाइनीत कागद कोण वाचतो? लढाई तोंडावर आणि हा घरी आला. सगळे म्हणायला लागले, दगडू घबराके भाग आया."

"आबा काय म्हणायचे?"

"काही नाही. भगोडा म्हटलेलं त्यांना चालायचं. आंधळा म्हटलेलं नाही. जास्त शरम त्याची होती."

प्रशिक चार्जरचा पडदा बघत होता.

"मग बंगल्यांवर माळीकाम केलं," मावशी पुढे म्हणाल्या. "संध्याकाळ व्हायला आली की मी आणायला जायची. एवढीशी होते. आबा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायचे. मी पुढे, ते मागे. लोक म्हणायचे, कितनी लाड़ली है. समोर गड्डा आला की मी खांदा असा करायची." त्यांनी उजवा खांदा जरासा उचलला. "दगड असला तर डावा. मी मोठी होईपर्यंत कोणाला कळलं नाही."

एवढं बोलून त्या थांबल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी गोष्ट मला सांगितली होती, पण बघत प्रशिककडे होत्या.

"बासष्ट टक्के," प्रशिक म्हणाला. "अजून थोडा वेळ लागेल."

मावशींनी चहाचा ग्लास उचलून धुवायला नेला.

नाशिकला उन्हं असतानाच पोचलो. लॉजच्या खोलीत आधी मावशी शिरल्या. एकेक करून सगळी बटणं दाबली. बाथरूमचा दिवासुद्धा. मग म्हणाल्या, "ये." जेवायला बाहेर जाऊ या, असं मी म्हणालो तेव्हा दोघं एकदम म्हणाले की दमलो आहोत. मी एकटाच जाऊन मिसळ खाऊन आलो. मनात म्हटलं, या मायलेकांबरोबर पुन्हा प्रवास नाही.

दुसऱ्या दिवशी कसारा घाट उतरताना प्रशिक मला लहान मुलासारखा वाटला. उतारावर पाय उचलला की ही गाडी स्वतःला थोडी भरून घेते. पडद्यावरचा आकडा वर जातो.

"आई, बघ. वाढला! काही न करता वाढला."

"असं रोज व्हायला पाहिजे," मावशी म्हणाल्या.

तो मोठ्याने हसला. त्या प्रवासातला त्याचा तेवढाच हसण्याचा आवाज मला आठवतो.

माणगावच्या अलीकडे, दुपार उतरत आली असताना, पाववाला आला.

कोकणात सायकलवर मागे मोठी टोपली बांधून पाववाले फिरतात. हॅण्डलला रबरी भोंगा असतो. हा डावीकडच्या उतरत्या वाटेवरून रस्त्यावर येत होता. मला तो चांगला दिसला. भोंगाही वाजला असेल, पण आमच्या काचा बंद होत्या. मला वाटलं, प्रशिक आता वेग कमी करेल. तो करत नव्हता. रस्ता सरळ होता, ऊन स्वच्छ होतं, आणि तो समोर बघत शांत चालवत होता. मी ओरडलो. त्याने ब्रेक दाबला. डावीकडचा आरसा टोपलीला लागला आणि सायकल आडवी झाली.

माणसाला काही झालं नाही. कोपर खरचटलं. पाव रस्ताभर पसरले होते.

तो उठून उभा राहिला आणि ओरडला, "आवाज नाय, काय नाय! भुताची गाडी हाय काय ही? मानूस मरंल की!"

रस्त्याकडेच्या टपरीवरची माणसं धावत आली. एकजण म्हणाला, "ह्या बॅटरीच्या गाड्या अशाच. मागनं कवा आली कळत नाय."

सगळ्यांनी मान डोलावली. निकाल लागला होता. दोष गाडीचा होता. प्रशिक खाली उतरून उभा होता. चेहरा राखेसारखा. तो काहीतरी बोलायला तोंड उघडत होता, तेवढ्यात मावशी दार उघडून बाहेर आल्या.

"खरं आहे दादा," त्या म्हणाल्या. "आवाज नाही येत हिचा. आमची चूक झाली."

त्यांनी आपल्या पदराने पाववाल्याचं कोपर पुसलं. पिशवीतून हळद काढली. मी पाव गोळा करत होतो. प्रशिकही मदतीला वाकला. त्याच्या डाव्या पायाशी चार-पाच पाव पडले होते. तो समोरचा एक पाव उचलायला पुढे झाला आणि त्या पावांवर पाय देऊन गेला. त्याला कळलंच नाही.

मी ते पाहिलं. अजून मला तेच दिसतं.

आम्ही भरपाई दिली, माफी मागितली. पाववाला गेल्यावर मी प्रशिकला टपरीमागे नेलं. मावशी गाडीत बसल्या होत्या.

"तुला तो दिसला नाही?"

त्याने रस्त्याकडे पाहिलं.

"भर उन्हात? प्रशिक?"

त्याने दोन्ही हातांच्या मुठी केल्या, पोकळ, आणि डोळ्यांना लावल्या. दुर्बीण धरतात तशा. त्यातून माझ्याकडे पाहिलं.

"एवढं दिसतं, भिया."

मग त्याने सगळं सांगितलं. डॉक्टर, नळी, सराफा, सिनेमा, जनरल शिफ्ट. तो पाठ केलेलं म्हणावं तसं बोलत होता. मनात अनेकदा म्हटलेलं असावं.

"आणि गाडी? गाडी का घेतलीस मग?"

"पेट्रोलची गाडी थांबवायला कारण द्यावं लागतं," तो म्हणाला. "ही थांबली की कोणी काही विचारत नाही."

मला खूप राग आला होता. तो माणूस मेला असता, असं मी म्हणालो. तो म्हणाला, हो. मग खिशातून किल्ली काढून त्याने माझ्या हातात ठेवली.

"आईला नको सांगू. आबांकडून तिच्यातून आलंय हे. तिला कळलं ना, तर ती रोज उठून स्वतःला शिव्या देईल. बाकी माझं मी बघतो."

गाडीशी आल्यावर तो म्हणाला, "आई, माझी कंबर धरली आहे. मानस चालवेल."

"बरं," मावशी म्हणाल्या. "मागे ये, माझ्याजवळ बस."

महाडला मुक्काम केला. सकाळी चवदार तळ्यावर गेलो. मावशी चपला काढून काठाशी उभ्या राहिल्या, ओंजळभर पाणी घेतलं आणि थोडा वेळ तशाच राहिल्या. प्रशिकने हात जोडले होते. ते गुपित सांभाळणं मला जड जात होतं. गाडी चालवायला मात्र सोपी होती.

आबांच्या गावी, बौद्धवाडीत, मावशींचे लांबचे चुलतभाऊ आहेत, बाबूराव. ऐंशीच्या घरातले. त्यांनी अंगणात गाडी लावून घेतली. त्यांच्या नातवाने खिडकीतून लांब वायर आणून गाडीला जोडली. बाबूरावांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"म्हणजे आता ही रातभर माझ्या घरची वीज खाणार?"

"मामा, बिल मी भरतो," प्रशिक म्हणाला.

"खाऊ दे रे. पाहुणीच हाय ती पण." मग ते मावशींकडे वळले. "तू दगडूची लेक. वाटलं नव्हतं कोण येईल. दगडूचं नाव आम्ही अजून घेतो हां. लढाईत गेला तो. वाडीतला एकटाच."

मावशींनी पदर सारखा केला. आबा महूत, खाटेवर, म्हातारपणाने गेले होते.

"हो," त्या म्हणाल्या. "लढाईतच."

समुद्र तिथून पायी अर्ध्या तासावर. गाडी चार्जिंगला होती म्हणून चालतच गेलो. सुरूच्या झाडांमधून वाट होती आणि मग एकदम पाणी. मावशींनी साडी जरा वर धरली आणि लाटेत उभ्या राहिल्या. त्यांनी पाण्यात हात बुडवून जिभेला लावला. "खरंच खारट आहे," त्या म्हणाल्या. शाळेत एवढी वर्षं मुलांना शिकवलं होतं.

प्रशिक कोरड्या वाळूत बसून पाण्याकडे टक लावून बघत होता. डावीकडून उजवीकडे मान फिरवत, सावकाश. पाहिलेलं साठवून ठेवतात तसं. नळीतून समुद्र बघायला वेळ लागतो.

सूर्य खाली आला. तो उठला. "आई, निघू या."

"बस जरा."

"उशीर होईल. गाडीला..." तो थांबला. गाडी तिकडे अंगणात होती, वायर लावलेली. आता तिचं नाव घेता येत नव्हतं.

"गाडी भरतेय तिकडे," मावशी म्हणाल्या. "बस."

त्या त्याच्या शेजारी वाळूत बसल्या. मला काय करावं सुचेना. मीही बसलो. सूर्य बुडाला. पाणी तांबडं झालं, मग राखाडी. मला अजून सगळं दिसत होतं. लांब होड्यांवर एकेक दिवा लागायला लागला होता. प्रशिक समोर बघत होता, पण त्याची मान आता फिरत नव्हती. हात वाळूत रुतवून बसला होता.

"होड्यांवर दिवे लागलेत," मावशी म्हणाल्या. "लहान लहान. हलतात. एक हिरवा आहे."

त्याने मान त्यांच्या आवाजाकडे वळवली.

"डावीकडे मोठा खडक आहे. त्याच्यावर पाणी फुटलं की पांढरं होतं, मग परत काळं."

"आई," तो म्हणाला, "मला का सांगतेस?"

मावशी उठल्या. साडीची वाळू झटकली. त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मग मागे हात करून त्याचा हात शोधला, त्याला उभं केलं आणि तो हात आपल्या खांद्यावर ठेवला.

"चल," त्या म्हणाल्या. "मी पुढे आहे."

तो हलला नाही.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"तू बारावीत होतास. शेजारच्या लग्नात मांडवाच्या दोरीला अडकून पडलास, आणि उठून दोरी शोधत हात असा फिरवलास. आबा असाच फिरवायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू लपवत होतास ना. म्हटलं, आबांसारखी शरम असेल. मी का उघडी करायची? म्हणून दिवे लावत बसले. गाडी घेतलीस तेव्हा बरं वाटलं मला. म्हटलं, चला, थांबायला काहीतरी कारण झालं."

"मला वाटलं तुला दोष वाटेल."

"वाटतोच," मावशी म्हणाल्या. "आबांकडून तुझ्याकडे आलं, मध्ये मीच आहे. एवढं कळायला डॉक्टर लागत नाही. तो मला वाटणारच, बेटा. तू काय करणार त्याला?"

लाट येऊन गेली.

"पण काल तो पाववाला पडला," त्या म्हणाल्या. "त्याच्यासमोर उभं राहून मी खोटं बोलले. गाडीवर ढकललं. आपण दोघं एकमेकांपासून लपवत बसलो आणि मधल्यामध्ये तिसराच माणूस मेला असता. बस झालं आता. किल्ली मानसकडेच राहू दे."

प्रशिक रडला की नाही, मला सांगता येणार नाही. अंधार झाला होता. मी मोबाइलचा टॉर्च लावला. मग बंद केला. ते दोघं चालायला लागले होते. मावशी पुढे, तो मागे, त्याचा हात त्यांच्या उजव्या खांद्यावर. लांबून कोणी पाहिलं असतं तर म्हणाला असता, एवढा मोठा झाला तरी आईला सोडत नाही. सुरूच्या झाडांपाशी वाट खाली जाते. तिथे मावशींचा खांदा जरासा वर झाला. प्रशिकने पाय जपून टाकला.

परतीला गाडी मी चालवली. मुक्काम एकच केला, नाशिकला, झोपण्यापुरता. प्रशिक मागे आईजवळ बसला होता. पडदा त्याला तिथूनही वाचता यायचा. टक्के तोच सांगायचा, आणि कुठे थांबायचं तेही.

सेंधव्याच्या ढाब्यावर पुन्हा चार्जिंग केलं, तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. ढाबेवाल्याने ओळखलं. "आज ड्रायव्हर बदल दिया?" त्याने विचारलं.

"प्रमोशन हो गया मेरा," प्रशिक म्हणाला. "अब पीछे बैठता हूँ."

ढाबेवाला हसला. आम्ही तिघं चहा प्यालो. मावशींनी उरलेली सेव त्याला देऊन टाकली.

खलघाटच्या आधी दिवस मावळायला आला. गाडीत दोन तृतीयांशांहून जास्त चार्ज होता. रस्ता मोकळा होता. डाव्या हाताला शेतं काळी पडत चालली होती. प्रशिकने खिडकीवरून डोकं काढून घेतलं. तिकडे त्याच्यासाठी आता काही उरलं नव्हतं. इतकी वर्षं या वेळेला तो कुठेतरी घरात, दिव्याखाली असायचा.

"मानस," मागून मावशी म्हणाल्या, "चार्ज जरा..."

आणि थांबल्या. आरशात मला दिसलं, त्यांनी तोंडावर पदर धरला होता.

"भरपूर आहे, आई," प्रशिक म्हणाला. "चालू दे त्याला."

मी हेडलाइट लावले. पूल आला तोवर अंधार पडला होता. खाली नर्मदा असणार. मला ती दिसली नाही, त्यालाही नाही.